सूर्यावरचा डाग थंड, मग रेडिओवर आवाज कुठून येतो?

माणदेशी_रेडिओ
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचत होतो, आज विचारतोच. मी म्हसवडच्या पुढं वस्तीवर राहतो. घराच्या पत्र्यावर दोन बांबू उभे करून २०.१ मेगाहर्ट्झचा साधा डायपोल अँटेना टाकलाय, तांब्याची वायर, या टोकापासून त्या टोकापर्यंत ७ मीटरच्या आसपास. खाली जुना शॉर्टवेव्ह रिसीव्हर आणि त्याचा आवाज लॅपटॉपवर रेकॉर्ड होतो.

परवा दुपारी १ वाजून ४० मिनिटं झाली होती, लाईट गेलेली, म्हणजे पंप, फ्रीज, बल्ब सगळंच बंद, रिसीव्हर बॅटरीवर चालू होता आणि नेहमीची बारीक खरखर असते ती एकदम चढायला लागली. चढली, भरली आणि हळूहळू ओसरली. लगेच मागनं दुसरी, मग तिसरी. मालवणला समुद्राजवळ मुक्काम केला की रात्री लाटेचा जसा आवाज येतो ना, लांबून येते, फुटते, मागे जाते, अगदी तसं. सगळं मिळून मिनिटभर. मी डायल थोडी इकडेतिकडे फिरवून बघितली तर सगळीकडे तेच, म्हणजे कुठलं स्टेशन नव्हतं.

आदल्या दिवशीच मी छोट्या दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्याची प्रतिमा पाडून बघितली होती, मधोमध डागांचा चांगला मोठा झुबका होता. त्यामुळं मला वाटतंय हा आवाज त्याचाच. पण इथंच गाडी अडते. डाग काळा दिसतो कारण तो आजूबाजूपेक्षा थंड असतो असं शाळेपासून वाचत आलोय. थंड जागेतनं एवढा जोराचा रेडिओ आवाज कसा काय निघेल? आणि सगळीकडे "वेगवान इलेक्ट्रॉन" असं लिहिलेलं असतं, ते इलेक्ट्रॉन नक्की करतात काय ते कुणीच नीट सांगत नाही. जाणकारांनी जरा वेळ काढून समजवा.

बिनतारी
दादा पहिल्यांदा अभिनंदन, लाईट गेलेली असताना ऐकलंत हे फार बरं झालं, नाहीतर आमच्यासारख्या जुन्या हॅम (हौशी बिनतारी) लोकांचा पहिला प्रश्न हाच असतो की शेजारचा इन्व्हर्टर किंवा एलईडीचा ड्रायव्हर तर नाही ना. त्यांचा आवाज वेगळा असतो, एकसारखा भुणभुण करत राहतो आणि कधी चढउतार झालाच तर खटकन होतो. लाटेसारखा फुगून ओसरणारा, सगळ्या डायलवर पसरलेला आणि १०-१० सेकंदांचे झोत एकामागून एक, हे लक्षण सूर्याचं आहे. मी स्वतः २१ मेगाहर्ट्झच्या बँडवर बोलत असताना कितीदा ऐकलंय, समोरचा माणूस त्या लाटेखाली बुडून जातो आणि परत वर येतो.

खात्री करायची असेल तर ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर लर्मंथला सौर वेधशाळा आहे, तिथला स्पेक्ट्रोग्राफ, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला कधी किती आवाज आला ते टिपणारं यंत्र, २५ ते १८० मेगाहर्ट्झ रोज नोंदवतो. त्यांचं घड्याळ आपल्यापुढं अडीच तास, म्हणजे तुमच्या १:४० ला तिथं ४ वाजून १० मिनिटं, सूर्य वरच होता. वेळ जागतिक वेळेत बदलून घ्या, ८:१०, आणि त्या मिनिटाचा आलेख बघा. जवळजवळ उभ्या रेघा दिसल्या तर तुमचाच आवाज.

एक अजून. मोठी सौरज्वाला झाली तर क्ष-किरणांनी आपल्या आयनांबराचा (वरच्या हवेतल्या विद्युतभारित पट्ट्याचा) खालचा थर दाट होतो आणि शॉर्टवेव्ह गिळून टाकतो, मग बँड मेल्यासारखा होतो, खरखरसुद्धा कमी होते. पुष्कळ लोक ते आणि हे एकच समजतात. ते म्हणजे सूर्यामुळं आपल्या आकाशात झालेली गोष्ट, आणि तुम्ही ऐकलंत तो थेट सूर्यावरनं आलेला आवाज, ८ मिनिटं २० सेकंदांपूर्वी निघालेला.

इलेक्ट्रॉनचं म्हणाल तर डागाच्या चुंबकीय क्षेत्राभोवती ते गरागरा फिरतात आणि फिरताना रेडिओ लहरी सोडतात, एवढं मला माहीत आहे. बाकी शिकलेल्यांनी सांगावं.

विद्युतकण
बिनतारी काकांचं बहुतेक सगळं बरोबर आहे, शेवटच्या वाक्यावर मात्र मी येणार आहे. पीएचडी करताना हाच विषय होता त्यामुळं लांबड लागली तर सांभाळून घ्या.

थंडपणापासून सुरू करू. सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग साधारण ५५०० अंश सेल्सिअस आणि डागाचा गाभा त्याच्यापेक्षा दीड-दोन हजारांनी कमी. का, तर तिथं चुंबकीय क्षेत्र इतकं दाट असतं, २०००-३००० गॉस, पृथ्वीचं अर्धा गॉस धरा, की खालून उकळत वर येणारा गरम वायू तिथं अडतो. म्हणजे डाग हा खरा चुंबकाचा डाग आहे, थंडपणा हा त्याचा परिणाम. आता हे क्षेत्र पृष्ठभागावर संपत नाही. बलरेषा डागातून वर निघतात, कोरोनात, म्हणजे सूर्याभोवतीच्या विरळ बाहेरच्या वातावरणात जातात, कमानी करून शेजारच्या उलट्या ध्रुवाच्या डागात उतरतात, काही तर लांबवर मोकळ्या अवकाशात निघून जातात. आणि कोरोना किती गरम, १० ते २० लाख अंश. तुम्ही पुठ्ठ्यावर बघितलात तो वडाचा बुंधा, पारंब्या आणि फांद्या सगळ्या वर आहेत आणि आवाज त्या वरच्या पसाऱ्यातून येतो. काळ्या ठिपक्यातून काहीच आलेलं नाही.

आता इलेक्ट्रॉन. कमानी एकमेकींना घासतात, पिळल्या जातात, डाग सरकला की ताणल्या जातात, आणि कुठंतरी विरुद्ध दिशेच्या रेषा जवळ येऊन तुटतात आणि नव्यानं जोडल्या जातात. त्या क्षणी साठलेली ऊर्जा मोकळी होते आणि तिचा मोठा वाटा इलेक्ट्रॉनांना मिळतो. ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास एक तृतीयांश वेगानं पळतो, म्हणजे सेकंदाला लाखभर किलोमीटर.

काकांनी गिरकीचं सांगितलं ते घडतंच. इलेक्ट्रॉन बलरेषेला वेढे घालत पुढे जातो, एका सेकंदात किती वेढे ते फक्त क्षेत्रावर ठरतं, १ गॉसला २.८ मेगाहर्ट्झ, १००० गॉसला २८०० मेगाहर्ट्झ. पण हेच गणित उलटं लावून बघा, फक्त गिरकीनं २० मेगाहर्ट्झ यायला क्षेत्र ७ गॉस लागेल आणि तेवढ्या विरळ क्षेत्राच्या जागी जो प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला गरम वायू) असतो तो सहसा ती लहर बाहेरच पडू देत नाही. म्हणून माणदेशींनी ऐकलेला आवाज गिरकीचा नाही. तो वेगळ्याच खेळाचा आहे.

झालं असं की तुटलेल्या जोडणीतून इलेक्ट्रॉनांची एक तुकडी वर, मोकळ्या रेषेवरून बाहेर सुटली. कोरोनात आधीच निवांत इलेक्ट्रॉन भरलेले आहेत. त्यांच्यातून ही तुकडी एवढ्या वेगानं घुसली की तिच्या मागं तो प्लाझ्मा डोलायला लागतो. जोंधळ्याच्या उभ्या पिकातनं जनावर पळालं की ताटं जशी मागंपुढं हलत राहतात, तसं. या डोलण्याला स्वतःची ठरलेली लय असते आणि ती फक्त तिथं किती दाटीनं इलेक्ट्रॉन आहेत यावर असते, घनसेंटिमीटरमागे जेवढे असतील त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ९ नं गुणायचं, उत्तर किलोहर्ट्झमध्ये. १० कोटी असतील तर ९० मेगाहर्ट्झ. हे डोलणं स्वतः रेडिओ लहर नव्हे, ते तिथंच अडकलेलं असतं, पण आजूबाजूच्या आयनांच्या लाटांवर आपटून किंवा अशाच दुसऱ्या डोलण्याशी गाठ पडून त्यातनं खरी रेडिओ लहर तयार होते, त्याच लयीची किंवा दुप्पट लयीची. १९५८ साली गिन्झबर्ग आणि झेलेझ्न्याकोव्ह यांनी सोव्हिएत रशियात हे पहिल्यांदा मांडलं, पुढं त्यात भर पडत गेली, पण गाभा तोच राहिला.

आता तुकडी वर वर जाते, तिथं कोरोना विरळ होत जातो, म्हणजे लय खाली खाली येते. त्यामुळं आवाज वरच्या फ्रिक्वेन्सीला सुरू होऊन झपाट्यानं खाली घसरतो. तुमचे २० मेगाहर्ट्झ म्हणजे घनसेंटिमीटरमागे साधारण ५० लाख इलेक्ट्रॉन, आणि एवढी विरळ जागा पृष्ठभागापासून साधारण एका सौरत्रिज्येवर, ७ लाख किलोमीटर. सेकंदाला लाख किलोमीटर धरले तर डागाजवळून निघालेली तुकडी ७ सेकंदांत तिथं. लर्मंथच्या आलेखावर रेघ जवळजवळ उभी दिसते ती यामुळंच. याला तिसऱ्या प्रकारचा स्फोट म्हणतात. पॉल वाइल्ड यांनी ऑस्ट्रेलियात १९५० च्या सुमाराला एक-दोन-तीन असे प्रकार पाडले ते अजून तसेच वापरतात. दुसऱ्या प्रकारात हीच घसरण सावकाश होते, कित्येक मिनिटं, कारण तिथं इलेक्ट्रॉनांच्या तुकडीऐवजी धक्का-लाट वर सरकत असते, सेकंदाला हजारेक किलोमीटरनं.

माणदेशी_रेडिओ
ताई तुम्ही ७ सेकंद म्हणालात ते वाचून अंगावर काटा आला खरंच. मी रेकॉर्डिंग परत ऐकलं, पहिली लाट चढायला साधारण ३-४ सेकंद आणि उतरायला त्याहून जास्त.

लर्मंथचा आलेख काढला. ८:१० ला सहा-सात उभ्या रेघा आहेत, वरून खालपर्यंत, २५ वर येऊन आलेख संपतो आणि माझा आवाज बरोबर त्याच्या पुढं सुरू होतो. मी तासभर नुसता ते दोन्ही समोर ठेवून बसलो होतो.

पण मग गिरकीवाला प्रकार कधीच ऐकू येत नाही का? काका जे म्हणाले ते चूक म्हणायचं का?

विद्युतकण
चूक नाही हो, जागा वेगळी. खाली, डागाच्या जवळ जिथं क्षेत्र शेकडो-हजारो गॉस आहे तिथं गिरकीचंच राज्य. त्याच्या तीन तऱ्हा आहेत.

पहिली एकदम शांत. डागाच्या वरच्या कोरोनातले साधे, कसलीही घाई नसलेले, नुसते गरम इलेक्ट्रॉनसुद्धा गिरक्या घेतातच, आणि गिरकीच्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीला तो थर अपारदर्शक होतो. म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला बघितलं तर खालचा थंड डाग दिसतच नाही, वरचा १०-२० लाख अंशांचा थर दिसतो. म्हणून मायक्रोवेव्हच्या चित्रात डाग झगझगीत पांढरा. डोळ्याला जी सगळ्यात काळी जागा तीच रेडिओला सगळ्यात उजळ, तुमच्या मूळ प्रश्नाचं याहून सरळ उत्तर नाही. काका तुम्ही रोज सकाळी सौर प्रवाहाचा जो आकडा बघता ना बँड उघडेल की नाही ते ठरवायला, तो २८०० मेगाहर्ट्झला म्हणजे १०.७ सेंटिमीटरला मोजतात, त्यातला डागांचा वाटा बराचसा इथनं येतो. २८०० ला तिपटीचं गणित ३३३ गॉसला बसतं, असं क्षेत्र डागावरच्या कोरोनात असतंच. कॅनडात कव्हिंग्टन यांनी २३ नोव्हेंबर १९४६ च्या खंडग्रास सूर्यग्रहणात बघितलं की चंद्रानं डागांचा मोठा समूह झाकला तेव्हा सिग्नल धाडकन उतरला, १९४७ पासून ते मोजमाप सतत चालू आहे.

दुसरी तऱ्हा ज्वालेतली. शेकडो किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन कमानीत कोंडले जातात आणि इतक्या वेगानं फिरतात की एका ठरलेल्या सुराऐवजी कितीतरी पटींचे सूर एकात मिसळून रुंद पट्टा तयार होतो, काही गिगाहर्ट्झपासून वर.

तिसरी माझ्या सगळ्यात आवडीची. डागाकडे उतरताना बलरेषा एकवटत जातात, नरसाळ्यासारख्या. त्यातून खाली येणारा इलेक्ट्रॉन रेषेला वेढे घालत येतो, क्षेत्र वाढलं की वेढे घट्ट होतात आणि पुढची चाल मंदावते, शेवटी थांबून उलटा फिरतो. जे अगदी सरळ रेषेत उतरतात ते मात्र परतत नाहीत, खालच्या दाट थरात जिरतात. म्हणजे परत येणाऱ्या गर्दीत सरळ चालणारे नाहीतच, आडव्या गिरक्या घेणारेच उरलेत. असली एकांगी गर्दी टिकत नाही, ती आपली जास्तीची ऊर्जा एकदम एका सुरात लहरींना देऊन टाकते. याला इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन मेसर म्हणतात. अट एकच, गिरकीची फ्रिक्वेन्सी तिथल्या प्लाझ्माच्या डोलण्यापेक्षा जास्त हवी, म्हणजे क्षेत्र दाट आणि वायू विरळ. पृथ्वीच्या ध्रुवांवर रंगीत प्रकाश दिसतो ना, त्याच्या वर काही शे किलोहर्ट्झचा आवाज निघतो तो याच तऱ्हेचा, आणि गुरूचा सुद्धा.

सूर्याच्या डागावर हे टिकून चालू असलेलं २०२३ साली नेचर ॲस्ट्रॉनॉमीत छापून आलं. सिजी यू आणि सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतल्या व्हेरी लार्ज ॲरेनं, म्हणजे २७ तबकड्यांच्या दुर्बिणीनं, एका डागाच्या वर साधारण ४०,००० किलोमीटरवरून येणारा, जोरदार ध्रुवीकरण झालेला आवाज पकडला आणि तो आठवडाभराहून जास्त चालू होता. फ्रिक्वेन्सी गिगाहर्ट्झच्या आसपास. १ गिगाहर्ट्झला गणित ३५७ गॉस येतं, दुप्पट सूर असेल तर त्याच्या निम्मं, आणि डागावर त्या उंचीला असं क्षेत्र असू शकतं. ज्वालांच्या वेळेशी तो आवाज जुळत नव्हता, ज्वाला संपली तरी हा चालूच. त्यांचं म्हणणं असं की आजूबाजूच्या सक्रिय भागांतल्या तुरळक ज्वाला या डागाला बांधलेल्या मोठ्या कमानींमध्ये वेगवान इलेक्ट्रॉन भरत राहतात आणि नरसाळ्याचं काम अखंड चालतं. त्या लेखकांत दोघं असे आहेत ज्यांनी पुण्याच्या एनसीआरएत (राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात) पीएचडी केली, रोहित शर्मा आणि सुरजित मंडल. आपल्या पुण्यात शिकलेली पोरं हे करतात याचं मला फार अप्रूप आहे.

जुना_कल्याणकर
धागा छान चाललाय. इतिहास सुटतोय म्हणून लिहितो.

सूर्याचा असा आवाज पहिल्यांदा सापडला तो युद्धात. फेब्रुवारी १९४२. त्याच महिन्यात १२ तारखेला जर्मन युद्धनौका इंग्लिश खाडीतून निसटल्या होत्या आणि त्या वेळी ब्रिटिश रडार जर्मनांनी जाम केलं होतं, त्यामुळं जे. एस. हे नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाकडं काम होतं ते जॅमिंगचा छडा लावायचं. २६ ते २८ फेब्रुवारीला विमानविरोधी तोफांच्या ४ ते ६ मीटर तरंगलांबीच्या रडारवर प्रचंड गोंगाट सुरू झाला, देशभरातल्या वेगवेगळ्या ठाण्यांवरून एकच तक्रार. त्यांनी दिशा तपासल्या तर गोंगाट सूर्याबरोबर सरकत होता. ग्रिनिच वेधशाळेला विचारलं तर कळलं सूर्याच्या मधोमध मोठा डाग आहे. युद्धाच्या गुप्ततेमुळं छापायला १९४६ उजाडलं.

त्याच सुमाराला सिडनीत रूबी पेन-स्कॉट, पॉसी आणि मॅक्रेडी हे शास्त्रज्ञ. समुद्रावरच्या डोव्हर हाइट्सच्या कड्यावर एकच अँटेना, सूर्य उगवताना त्याची थेट लहर आणि पाण्यावरून परावर्तित झालेली लहर एकत्र येतात, त्यांच्या चढउतारांवरून आवाज सूर्याच्या कुठल्या भागातून येतोय ते काढलं, डागांच्या समूहातून. १९४६. समुद्र हाच दुसरा अँटेना. आणि रूबी पेन-स्कॉट यांना पुढं लग्न केल्याच्या कारणावरून कायम नोकरी गमवावी लागली, कारण तेव्हा तिथल्या सरकारी नियमात विवाहित बाईला कायम पद नव्हतं. हे वाचलं की मला अजून वाईट वाटतं, त्या पुढं किती करू शकल्या असत्या.

आता आमचं कल्याण. आपले रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप १९५३ ते ५५ सिडनीला होते, पॉट्स हिलला. तिथल्या ६ फुटी तबकड्या नंतर काढून टाकायच्या होत्या, त्यांनी त्या भारतासाठी मागून घेतल्या. त्यातल्या ३२ तबकड्या १९६५ साली कल्याणजवळ उभ्या राहिल्या, २४ पूर्व-पश्चिम आणि ८ दक्षिण-उत्तर, ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य बघायला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या रेडिओ खगोलशास्त्राची ती सुरुवात, उटीची आणि नारायणगावजवळची जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणी नंतर. माझे वडील सांगायचे तिकडनं जाताना छोट्या तबकड्यांची रांग आकाशाकडं तोंड करून दिसायची, लोकांना वाटायचं मिलिटरीचं काहीतरी आहे. सूर्याच्या रेडिओचं काम आपल्या लोकल ट्रेनच्या गावात झालंय हे इथं कितीजणांना माहीत आहे?

विद्युतकण
कल्याणकर, सुंदर. स्वरूप सरांचं याच विषयातलं एक काम राहिलं. अमेरिकेत टेक्सासला फोर्ट डेव्हिसला असताना त्यांनी नोंदींमध्ये बघितलं की काही रेघा खाली घसरतात आणि मग वळून परत वर चढतात, उलट्या यू सारख्या. मॅक्सवेल आणि स्वरूप, १९५८. अर्थ असा की इलेक्ट्रॉनांची तुकडी मोकळ्या रेषेवरून न जाता बंद कमानीवरून गेली, वर चढली, माथा ओलांडला आणि पलीकडच्या पायाकडे उतरली. कमान डोळ्याला दिसत नव्हती पण तिचा आकार आवाजात आला.

बिनतारी
माझं गिरकीचं अर्धवट होतं, नीट कळलं आता, आभार. इतकी वर्षं सकाळी उठून तो सौर प्रवाहाचा आकडा बघतोय आणि तो डागावरच्या इलेक्ट्रॉनांच्या गिरक्यांशी बांधलेला आहे हे आज कळलं.

नवीन लोकांसाठी एक सांगतो, हे नुसतं ऐकायला गोड नाही. ६ डिसेंबर २००६ ला सूर्याच्या रेडिओ स्फोटानं पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूचे जीपीएस रिसीव्हर गोंधळले होते, कारण आवाज नेमका त्यांच्याच फ्रिक्वेन्सीत पडला. आणि ४ नोव्हेंबर २०१५ ला स्वीडनमध्ये विमानांचं रडार बिघडलं, उड्डाणं थांबवावी लागली. उपग्रहाचा सिग्नल आपल्यापर्यंत पोचेस्तोवर इतका बारीक झालेला असतो की सूर्यानं थोडा आवाज चढवला तरी तो दबतो.

माणदेशीदादा, तुमच्याकडे दुसरा रिसीव्हर असेल तर एक २८ वर आणि एक २० वर लावा. तुकडी आली तर २८ ला आधी वाजेल आणि २० ला नंतर, एक-दोन सेकंदांचा फरक. उंचीचा फरक ठाऊक असेल तर वेग तुम्हीच काढाल.

निशाचर
आणि हाच डायपोल रात्री ठेवा चालू. गुरूचा आवाज ४० मेगाहर्ट्झच्या खाली असतो, २० ला छान मिळतो, १९५५ ला सापडला तो. ताईंनी सांगितलेला नरसाळ्याचा मेसर तो हाच. म्हणजे दिवसा डोलणारं पीक आणि रात्री नरसाळं, एकाच वायरवर.

माणदेशी_रेडिओ
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी कधी समजावून सांगितलं नव्हतं. दुसरा रिसीव्हर मेव्हण्याकडं दहिवडीला पडून आहे, उद्या जाऊन आणतो. पुठ्ठ्यावर आज सकाळी बघितलं, झुबका पश्चिमेच्या कडेकडं सरकलाय, अजून चार-पाच दिवस दिसेल. भावाला सांगून ठेवलंय, दुपारी १ ते २ पंप सुरू करायचा नाही. २८ आणि २० मध्ये किती सेकंद पडले ते इथंच टाकीन.